हाक मारून गप्प बसायचं

मार्च लागला की मी फ्रीजच्या दारातली एक पत्र्याची डबी बाहेर काढतो. चपटी, तपकिरीची असते तेवढी. आत घोड्याच्या नालेसारखी एक चकती आहे, दोन बोटं रुंद. कडेनं कापडी पट्टी, मध्ये पातळ धातूची चौकट आणि चौकटीत ताणून बसवलेला रबराचा पडदा. कुणी पाहुण्यानं पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडला तर विचारतो, "सर, हे दातांचं काही आहे का?" मी हो म्हणून टाकतो. खरं सांगत बसलं तर चहा गार होतो.

खरं म्हणजे ती टर्की नावाच्या पक्ष्याच्या शिकारीची पिपाणी आहे. जिभेच्या वर, टाळूला चिकटवून धरायची आणि श्वासावर मादीसारखा आवाज काढायचा. तिकडे अमेरिकेच्या रानात नर भुलून येतो म्हणे. मी आयुष्यात झुरळाच्या वर काही मारलेलं नाही, आणि कराडात टर्की नाही. शेजारच्या देशी कोंबड्या तेवढ्या मान वाकडी करून ऐकतात आणि परत उकरायला लागतात. तरी मार्चात मी ती वाजवतो. दोनचारदा वाजवतो, धुतो, पुसतो, परत डबीत ठेवतो.

करोनाच्या पहिल्या वर्षी मी हॉलंडात, नायमेखनला, मुलीकडे अडकलो होतो. मृणाल तिथं चिपच्या कंपनीत आहे, जावईही त्याच धंद्यातले. मी जानेवारीत गेलो, दोन महिन्यांसाठी, एकटाच. शैला, म्हणजे आमची ही, आली नाही. "मला नाही त्या थंडीत गुडघे आखडून बसायचं. तुम्ही जाऊन या," म्हणाली. "पण पाडव्याला घरी पाहिजे." मी म्हटलं, अगं पाडव्याच्या आधी चांगले पंधरा दिवस घरी असतो बघ.

मग मृणाल म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर ट्यूलिप बघून जा ना. थोडेच दिवस राहिलेत." झालं, हौसेला मोल नाही! मी तिकीट पुढं ढकललं. पाडव्याच्या दोन दिवस आधीचं घेतलं. शैलाला फोन करून सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "फुलं बघायला?"

"अगं, इतक्या लांब परत कोण येणार आहे?"

"बरं," ती म्हणाली.

अडतीस वर्षांच्या संसारात हे 'बरं' मला ओळखता यायला हवं होतं. ट्यूलिप काही बघायला मिळाले नाहीत, बागाच उघडल्या नाहीत. आणि माझं विमान निघायच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बाहेरची विमानं उतरणं बंद झालं. मी बॅग भरून, वरच्या कप्प्यात चीजचे दोन गोळे घालून, मुलीच्या हॉलमध्ये बसलेला. तिसऱ्या दिवशी पाडवा. त्याच दिवशी आपल्याकडे सगळं बंद.

गुढीची काठी आमच्या घरी माळ्यावर असते. असायची. ती मीच तिथं ठेवत असे, वर्षभर मध्ये मध्ये येते म्हणून, आणि पाडव्याला स्टुलावर चढून मीच काढत असे. शैलाचा हात तिथं पोचत नाही आणि गुडघ्यांमुळे तिला स्टुलावर चढता येत नाही. त्या दिवशी गल्लीत पोलिसांची गाडी फिरत होती, कुणाला हाक मारायची सोय नव्हती. आमच्या घरी त्या वर्षी गुढी उभी राहिली नाही. तिनं मला हे सांगितलंसुद्धा नाही. मी विचारलं, "गुढी?" तर म्हणाली, "काठी माळ्यावर आहे." बस्स. आता काठी जिन्याखाली ठेवतो, कुणीही वाकून काढावी अशी. पण वरातीमागून घोडं ते.

तर शैला माझ्यावर रागावली, आणि तिचा राग आरडाओरड्याचा नाही. ती फोन उचलायची. मी सांगेन त्याला "बरं", "हो का", "ठीक आहे" म्हणायची. फक्त एक गोष्ट विचारायची बंद झाली. लग्न झाल्यापासून मी घराबाहेर कुठंही असलो, शाळेच्या सहलीला, निवडणुकीच्या ड्यूटीला, मुलांना घेऊन जिल्ह्याच्या स्पर्धांना, फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जेवलात का?" ते वाक्य गेलं. तुम्हाला वाटेल, हात्तिच्या, एवढंच! पण मी पासष्टीचा माणूस, परक्या देशात, टीव्हीवर रोज माणसं मेल्याच्या बातम्या, आणि आपली बायको आपण जेवलो का ते विचारत नाही. घास उतरत नसे. तो प्रश्न तिनं परत विचारला पाहिजे, यापलीकडे त्या वसंतात मला काही नको होतं. विमानसुद्धा नंतर.

म्हणून मी फोन करायचा. सकाळी एक, दुपारी एक, झोपताना एक, मध्ये औषध घेतलंस का म्हणून एक, गॅसचा सिलेंडर आला का म्हणून एक. तिचं 'बरं' आखूड होत गेलं.

तिथला तो वसंत मात्र असा कोरडा आणि निळा होता की गच्ची असती तर पापड वाळवले असते. आठवडेच्या आठवडे पाऊस नाही. विमानं नाहीत, त्यामुळे आकाशावर रेघोटी नाही. रस्त्यावर सायकलीसुद्धा तुरळक. घरात मुलगी जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये, जावई वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि माझा आवाज म्हणजे तेहतीस वर्षं मैदानावर कमावलेला. मी ड्रिलचा मास्तर. पोरं मला मागं 'शिट्टी' म्हणायची. नुसतं "चहा ठेवू का गं?" विचारलं तरी मृणाल हात जोडायची, "बाबा, सगळ्यांना ऐकू गेलं." मग मी आपला मागच्या बागेत. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद, मध्ये एक सफरचंदाचं झाड.

कुंपणाच्या पलीकडे बर्ट. पंच्याहत्तरीचा, उंच, एकटा. बायको जाऊन काही वर्षं झालेली. पहिल्या दिवशी तो त्याच्या बागेत खुर्ची टाकून बसला होता, गाल आत ओढून, आणि त्याच्या तोंडातून कोंबडीचा आवाज येत होता. क्योक्, क्योक्, क्योक्. मला वाटलं, म्हातारा गेला कामातनं.

आमचं दोघांचंही इंग्रजी दुसऱ्याच्या घरून आणलेलं, त्यामुळे चांगलं जमलं. तरुणपणी तो बारा वर्षं अमेरिकेत कारखान्यात होता. तिथं टर्कीची शिकार शिकला. वसंतातच करतात ती, नर तेव्हा बोलका असतो. हॉलंडात परत आल्यावर बंदूक गेली, रान गेलं, पिपाणी राहिली. तिकडचा एक मित्र अजून दरवर्षी नव्या पाठवतो. "टर्कीला आमच्या भाषेत कालकून म्हणतात," बर्ट म्हणाला. "कालिकतवरून. आमच्या लोकांना वाटलं, हा पक्षी तुमच्याकडचा." मी म्हटलं, आमच्याकडचा नाही बाबा. पण मला बरं वाटलं. अडकलेल्याला कुठलंही नातं चालतं.

गल्लीच्या टोकाला मुलांसाठीची प्राणीबाग होती, शेळ्या, ससे, असली. तीही बंद. तिथं एक टर्कीचा नर होता, काळा, गळ्याशी लाल लोंबतं घेऊन जाळीमागे हिंडणारा. एरवी पोरं त्याला खिजवायची आणि तो खुळखुळ्यासारखा आवाज करायचा. पोरं येईनाशी झाली तसा गप्प झाला होता. बर्टचं म्हणणं, आपण बागेतून हाक मारायची आणि त्याला बोलतं करायचं. मारायचं काही नाही, नुसतं बोलतं करायचं. दोन म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग काय?

त्यानं कुंपणाच्या फळीवर चिमट्यानं तीन पिपाण्या मांडल्या, पाकिटासकट, आणि दीड मीटर मागं सरकला. एकीत रबराचा एकच पडदा, दुसरीत दोन, तिसरीत तीन, वरच्याला कात्रीनं खाच पाडलेली. "नवशिक्यानं एका पडद्याची घ्यावी," तो म्हणाला. "पातळ असते, कमी श्वासात बोलते. आणि चौकट लहान बघ, टाळू प्रत्येकाचा वेगळा." मी तीन पडद्यांची उचलली. तेहतीस वर्षं शिट्टी वाजवलेला माणूस मी, एक पडदा काय घेणार! बर्टनं खांदे उडवले.

मी ती घरात नेली आणि मृणालनं माझ्या हातून काढून घेतली. त्या दिवसांत तिच्या घरात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला शिक्षा ठरलेली होती. कागदाला तीन दिवस पडवी, भाजीला मीठपाणी, धातूला उकळतं पाणी. "बाबा, दुसऱ्याच्या घरातली वस्तू तुम्ही तोंडात घालणार?" लहानपणी हिला उष्टं खाऊ नको म्हणून मीच ओरडायचो, आता बोलायला तोंड नव्हतं. तिनं पिपाणी पातेल्यात टाकून दहा मिनिटं खळखळ उकळली. बाहेर आली तेव्हा तीन पडद्यांचा एक झाला होता, दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. बर्टला दाखवली तर तो इतका हसला की त्याला खोकला आला, आणि तेव्हा खोकला म्हणजे काय विचारूच नका, दोन्ही घरांच्या खिडक्या बंद झाल्या. मग त्यानं मुकाट्यानं एका पडद्याची पुढं सरकवली. "साबण आणि गार पाणी," म्हणाला. गर्वाचं घर खाली, दुसरं काय.

तरी वाजेना. मी जीव खाऊन फुंकत होतो आणि नुसती थुंकी उडत होती. बर्ट म्हणाला, "तू शिट्टी वाजवतोयस. फुंकायचं नाही. चष्म्याची काच पुसायच्या आधी तिच्यावर वाफ सोडतोस ना, तसा श्वास सोड. पोटातून. आणि जीभ हळूच वर." तेही जमेना, कारण ती टाळूला बसतच नव्हती, घसरून घशाकडे जायची आणि मला उमासे यायचे. माझी वरची कवळी आहे. टाळू सगळा प्लास्टिकनं झाकलेला. हे मी बर्टला कसं सांगणार? कवळी बसवल्यापासून मी ती कुणासमोर काढलेली नाही. शैलासमोरसुद्धा नाही. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून काढतो. तिला ठाऊक आहे, पण तिनं बघितलेलं नाही.

बर्टनं ओळखलं. त्यानं स्वतःच्या तोंडात बोटं घातली, वरचे सगळे दात काढले आणि खिशातल्या रुमालात ठेवले. माझ्याकडे बघून तो हसला. तान्ह्या पोरासारखा दिसत होता. मी आत जाऊन बेसिनवर माझे काढून ठेवले आणि परत आलो. कुंपणाच्या अलीकडे एक बोळका, पलीकडे एक बोळका. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडातून 'क्योक्' निघालं. इतका आनंद मला जिल्ह्यात खो-खोची ढाल मिळाली तेव्हा झाला होता.

मग काय, नव्याचे नऊ दिवस. मी सकाळपासून क्योक् क्योक् करत सुटलो. काळा नर ढिम्म. आठवडाभर ढिम्म. बर्ट वैतागला. "तू फार हाका मारतोस," तो म्हणाला. "सगळे नवशिके हेच करतात. एकदा हाक मारायची आणि गप्प बसायचं. तू ओरडत राहिलास तर त्याला कळतं, ही तर इथंच आहे, जाते कुठं? तू गप्प झालास की त्याला काळजी लागते. मग तो येतो."

दुसऱ्या दिवशी मी तीनदा वाजवलं आणि थांबलो. मांडीवर हात ठेवून बसलो. एक मेरल नावाचा काळा पक्षी तिथं छपरावर बसून गातो, त्याचं एक अख्खं गाणं झालं. जाळीच्या बाजूला काही नाही. खुर्ची करकरली तर बर्टनं डोळे वटारले. आणि मग, गल्लीच्या टोकाकडून, गब्बलगब्बलगब्बल! असा खळखळून आवाज आला की मी उभाच राहिलो. बर्टनं दोन्ही मुठी वर केल्या. परत हाक मारायला माझी जीभ शिवशिवत होती. तो खूण करत होता: गप्प, गप्प.

आता माझ्या डोक्यात जे आलं ते तुमच्याही आलं असेल. मी त्या दुपारी शैलाला फोन केला नाही.

मला वाटलं, बरोबर आहे. मीच फार हाका मारतोय. दिवसाला पाच फोन, तिला कळतं, हा तर इथंच आहे, जातो कुठं? एकदा गप्प बसून बघू. दुसऱ्या दिवशीही केला नाही. हात दहादा फोनकडे गेला. मृणाल तिच्या आईशी रविवारी बोलायची आणि तो तर बुधवार होता, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. बर्टला मात्र सांगितलं, अगदी कॉलर ताठ करून. तो फळीवरची साल नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "ते टर्कीचं आहे. बायको असताना मी फार गप्प बसलो होतो. तिला वाटायचं, मी रागावलोय. मला नुसतं काही सुचत नसायचं. तू फोन कर." मी म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे. हट्टीपणा म्हणतात तो हाच.

कराडला काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा फोन बंद करून चालू केला, बिघडलाय का म्हणून. मला फोन करायला तिचा हात धजावेना. टीव्हीवर युरोपातली इस्पितळं दाखवत होते, पालथी झोपवलेली माणसं, काचेबाहेरून हात हलवणारी मुलं. तिनं टीव्ही बंद केला. दिवसाला पाच फोन करणारा माणूस अचानक गप्प होतो, त्या वर्षी त्याचा अर्थ एकच होता. मुलगी आपल्यापासून लपवतेय, अशी तिची खात्री झाली. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. हे सगळं ज्याच्या टाळक्यात शिरायला पाहिजे होतं तो बागेत बसून कोंबडीचा आवाज काढत होता. लाज वाटते अजून.

तिसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, मृणालचा फोन वाजला. ती मीटिंग सोडून उठली. शैला तिला म्हणत होती, "खरं सांग. ते आहेत ना?"

"अगं आई, आहेत म्हणजे? बागेत आहेत!"

"मला आवाज ऐकव त्यांचा. आत्ताचा. रेकॉर्ड केलेला नको."

मृणाल अनवाणी बागेत धावत आली आणि माझ्या तोंडासमोर फोन धरला. "बाबा, बोला! आई आहे, बोला आधी!" माझे दात आत बेसिनवर, पिपाणी टाळूला चिकटलेली, श्वास अर्धा घेतलेला. मी दचकलो आणि "शैला" म्हणायला गेलो. निघालं ते, क्योक्.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "हे काय आहे?"

मी बोट घालून पिपाणी काढायला लागलो तर ती हातातून निसटून गवतात पडली. मृणालनं व्हिडिओ सुरू केला. पडद्यावर शैला दिसली. केस विंचरलेले नव्हते. ती फोन इतका जवळ धरून बघत होती की नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं. आणि तिला मी दिसलो असणार, बोळका, गाल बसलेला, हनुवटीवर थुंकी, मागं सफरचंदाचा पांढरा बहर आणि कुंपणावरून डोकावणारा दुसरा एक बोळका. मी तळहातानं तोंड झाकलं.

"हात काढा," ती म्हणाली.

मी काढला. ती बघत राहिली. मृणालनं फोन या हातातून त्या हातात घेतला. मग शैला रडली. अडतीस वर्षांत मी तिला असं हुंदके देऊन रडताना बघितलं नव्हतं. बर्ट खाली वाकून दिसेनासा झाला.

"मुद्दाम केला नाहीत ना फोन?" तिनं डोळे पुसत विचारलं. आता खोटं कशाला बोला. मी हो म्हटलं. मग तिनं मला जे काही सुनावलं ते इथं लिहीत नाही. सगळं खरं होतं, त्यात काठी होती, माळा होता, ट्यूलिप होते, मागच्या तीस वर्षांतल्या दोन सहलीही होत्या. मी मान खाली घालून ऐकलं. जाळीमागचा तो मेला काळा नर मध्येच गब्बलगब्बल करून उठला, कुणी हाक मारलेली नसताना. तिनं तेही ऐकलं असणार. बोलता बोलता तिचा दम संपला आणि ती थांबली. मी काही बोललो नाही. या वेळी अक्कल लढवून नाही, सुचतच नव्हतं.

"जेवलात का?" शैलानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दात नव्हते, शब्द धड उमटला नाही. तिला कळला.

"मीही नाही. जा, दात लावून या. मी भात टाकते. ताट घेऊन समोर बसा, आणि फोन ठेवायचा नाही."